भागधारक, सभासद, मतदार
अर्थव्यवहारातून राज्याच्या राजकारणात : एक शब्दार्थविचार

१. विषयाची मांडणी

बँका, कंपन्या अथवा वित्तसंस्था यांचा कारभार पाहिलेली एखादी व्यक्ती राजकारणात प्रवेश करते, तेव्हा तिच्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते ऐकू येतात. ज्याने कोट्यवधींचा हिशेब चोख ठेवला तो राज्याचाही हिशेब चोख ठेवील, असे एक पक्ष म्हणतो. राज्य म्हणजे पेढी नव्हे, आणि पेढीवरच्या माणसाला गरिबाच्या अडचणी कळावयाच्या नाहीत, असे दुसरा पक्ष म्हणतो. दोन्ही मतांत काही तथ्य आहे. परंतु 'हिशेब' या शब्दाचा अर्थ उभयपक्षी एकच आहे, हे दोघांनीही गृहीत धरलेले असते. हे गृहीतक कितपत टिकते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, अशी शंका साहजिकच येईल. तिचे उत्तर असे की, अर्थव्यवहार आणि राजकारण या दोन क्षेत्रांनी मराठीत एकच शब्दभांडार वाटून घेतलेले आहे. खाते, पत, भांडवल, हमी, ठेव, अनामत, जमा, शिल्लक, हिशेब हे शब्द पेढीवर चालतात तसेच विधानसभेतही चालतात. एका क्षेत्रातून दुसऱ्यात जाणाऱ्या माणसाला वाटते की आपण ओळखीच्याच भाषेत बोलत आहो. आणि त्याची अडचण येथेच सुरू होते. शब्द तेच राहतात, पण ते ज्याला उद्देशून उच्चारावयाचे तो श्रोता बदललेला असतो. हिशेब कोणाला द्यावयाचा हे ठरल्याशिवाय हिशेब म्हणजे काय हे ठरत नाही, असे या लेखाचे थोडक्यात प्रतिपादन आहे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. शब्दांच्या अर्थच्छटांवरून समाजस्थितीचे थेट अनुमान काढणे धोक्याचे असते. म्हणून आधी शब्दांचा विचार करून नंतर प्रत्यक्ष घडलेल्या काही उदाहरणांवर तो पडताळून पाहिला आहे, आणि शेवटी वसई-विरार या आपल्या परिसरास तो लावून पाहिला आहे.

२. समान शब्द, भिन्न अर्थ

प्रथम 'खाते' हा शब्द घेऊ. बँकेत खाते म्हणजे एका व्यक्तीच्या नावे असलेली जमाखर्चाची नोंद. सरकारात खाते म्हणजे कारभाराचा विभाग. मंत्र्यांची नावे ठरली की 'खातेवाटप' होते. पहिल्या अर्थाने खाते हे खातेदाराचे असते व बँक ते केवळ सांभाळते. दुसऱ्या अर्थाने मात्र 'अमुक मंत्र्याचे खाते' असा प्रयोग रूढ आहे आणि त्यातून मालकीचा भास उत्पन्न होतो. वस्तुतः या ठिकाणीही मंत्री हा सांभाळणाराच. खातेदार आहेत ते नागरिक. बँकेत मुरलेल्या माणसाने हा पहिला अर्थ दुसऱ्यात नेला, तर तो एक लाभच ठरेल.

'उमेदवार' हा शब्दही असाच उद्बोधक आहे. फारसीत त्याचा अर्थ आशा बाळगणारा. मराठीत 'उमेदवारी करणे' म्हणजे पुढेमागे जागा मिळेल या आशेने कचेरीत किंवा कारागिराच्या हाताखाली अल्प वेतनावर, प्रसंगी विनावेतन काम शिकणे. निवडणुकीला उभा राहणारा तो उमेदवार, हा अर्थ याच शब्दातून पुढे आला. उच्चपदस्थ अधिकारी राजकारणात येतो तेव्हा त्याला दुसऱ्या अर्थाने उमेदवारी मिळते. पहिल्या अर्थाची उमेदवारी त्याने बहुधा केलेली नसते. आपल्या क्षेत्रात शिखरावर पोहोचल्यानंतर पुन्हा शिकाऊ होणे मनुष्यस्वभावाला जड जाते, आणि पुढे येणाऱ्या उदाहरणांत या गोष्टीला बरेच महत्त्व आहे.

'भांडवल' हा अर्थशास्त्रात गौरवाचा शब्द आहे. भांडवल उभारणे, गुंतवणे, वाढवणे ही कर्तबगारीची लक्षणे होत. राजकीय भाषेत मात्र 'एखाद्या गोष्टीचे भांडवल करणे' हा निंदाव्यंजक प्रयोग आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा स्वतःसाठी उपयोग करून घेणे असा त्याचा आशय. ज्या क्रियेने पेढीवर नाव होते तिनेच सार्वजनिक जीवनात नाव जाते, हे सामान्य मराठी भाषकाने या एका वाक्प्रचारात नोंदवून ठेवले आहे.

याच्या उलट प्रकार 'तोटा' आणि 'तूट' या जोडीत दिसतो. दोन्ही शब्दांचे नाते 'तुटणे' या क्रियेशी आहे. परंतु कंपनीला तोटा येतो आणि सरकारच्या अंदाजपत्रकात तूट येते, हा भेद मराठीने काटेकोरपणे पाळला आहे. तोटा हे धंद्याचे अपयश होय. तूट ही चांगली की वाईट हे ती कशासाठी पत्करली यावर अवलंबून असते. दुष्काळात सरकारने शिल्लक दाखविली तर ती शाबासकीची बाब होणार नाही. अर्थव्यवहारातून आलेला मंत्री तूट पाहतो तेव्हा ती त्याला सवयीने तोट्यासारखी दिसण्याचा संभव असतो. ही सवय सर्वस्वी वाईट नाही, कारण तुटीवरचे व्याज राज्यालाही द्यावेच लागते. परंतु दोन शब्द वेगळे का ठेवले आहेत याचे भान त्याला राखावे लागते.

'अंदाजपत्रक' आणि 'अर्थसंकल्प' ही जोडीही विचारार्ह आहे. अंदाज हा चुकू शकतो आणि चुकला तरी त्याबद्दल कोणी दोषी ठरत नाही. संकल्प हा सोडलेला असतो, व तो पुरा करण्याची बांधिलकी त्यात गृहीत असते. राज्याच्या बाबतीत 'अर्थसंकल्प' हा शब्द आता रूढ झाला आहे. नगरपालिका-महानगरपालिकांच्या बाबतीत 'अंदाजपत्रक' अजून टिकून आहे. कागद तोच असतो, परंतु एक शब्द हिशेबनीसाचा आहे तर दुसरा शब्द देणाऱ्याचा.

या सर्वांत महत्त्वाचा शब्द 'हमी' हा होय. बँकेच्या व्यवहारात हमी म्हणजे संभाव्य दायित्व. मूळ ऋणकोने पैसे फेडले नाहीत तरच ते अंगावर येते. म्हणून हमी जितकी कमी वापरली जाईल तितकी चांगली. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा या शब्दाला निराळाच अर्थ लाभला. ग्रामीण भागात अंगमेहनतीचे काम मागणाऱ्याला ते मिळण्याचा हक्क, असा तो अर्थ. ही हमी वापरली जावी यासाठीच होती. कामाची गरज असूनही ती वापरली गेली नाही तर योजना फसली असे समजावे. या खर्चासाठी १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसविण्यात आला होता. मुंबईतील एखाद्या वित्तसंस्थेच्या अधिकाऱ्याच्या वेतनपत्रकातही तो वर्षाकाठी २,५०० रुपयांपर्यंत कापला जातो. म्हणजे 'हमी' या शब्दाचे दोन्ही अर्थ त्याच्या मेजावर रोज एकत्र येत असतात; एक त्याच्या कामाच्या कागदात आणि दुसरा त्याच्या पगाराच्या कागदात. दुसऱ्याकडे त्याचे लक्ष जाते की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे.

'निर्लेखन' आणि 'कर्जमाफी' यांतील भेदही असाच आहे. बँक जेव्हा बुडीत कर्ज निर्लेखित करते तेव्हा ते तिच्या ताळेबंदातून जाते. ऋणकोवरील तिचा दावा मात्र कायम राहतो. सरकार कर्जमाफी करते तेव्हा ऋणको मोकळा होतो आणि बोजा कोषागारावर येतो. महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ साली जाहीर झालेल्या शेतकरी कर्जमाफीच्या योजनांवर जे वाद झाले, त्यांत अनेक वक्ते हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरीत होते. माफी हा न्यायाच्या व दयेच्या क्षेत्रातील शब्द आहे. निर्लेखन हा लेखापालाचा. दोहोंची गल्लत झाली की माफ केले कोणी आणि भरले कोणी, हे दोन्ही प्रश्न झाकले जातात.

३. तीन प्रकारचे धारक

आता या सर्व शब्दांच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे वळू : हिशेब कोणाला द्यावयाचा?

'-दार' हा फारसी प्रत्यय धारण करणारा या अर्थाने मराठीत मुबलक आला आहे. ठेवीदार, भागीदार, कर्जदार हे पेढीवरचे शब्द. मतदार, आमदार, खासदार हे राजकारणातले. आणि 'जबाबदार' हा दोहोंना समान. मतदार या शब्दाचे पूर्वपद संस्कृत आहे. 'मत' म्हणजे मानलेली गोष्ट, अभिप्राय. म्हणजे ज्याच्यापाशी स्वतःचा अभिप्राय आहे तो मतदार. जबाबदार म्हणजे ज्याच्यापाशी उत्तर आहे, किंवा ज्याला उत्तर द्यावयाचे आहे तो. मतदार आणि जबाबदार हे दोन शब्द शेजारी ठेवले की लोकशाहीची मांडणी जवळजवळ पुरी होते.

कंपनीच्या बाबतीत हिशेब मागणारा असतो भागधारक. त्याचे मत त्याच्या समभागांच्या संख्येप्रमाणे मोजले जाते. ज्याचे हजार भाग त्याच्या मताचे वजन एका भागाच्या धारकापेक्षा हजारपट असते. यात अन्याय आहे असे कोणी म्हणत नाही, कारण जोखीमही त्याच प्रमाणात असते. राज्याच्या बाबतीत हिशेब मागणारा असतो मतदार, आणि त्याचे मत एक म्हणजे एकच. या दोहोंच्या मध्ये आपल्याकडे एक तिसरा प्रकार आहे, त्याचे नाव सभासद. सहकारी संस्थेत भागभांडवल असते, लाभांश असतो, कर्ज व ठेवी असतात. परंतु सभासदाने कितीही भाग घेतले तरी त्याला मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने हेच तत्त्व स्वीकारले आहे. सहकारी बँक ही अर्थव्यवहाराची भाषा बोलते आणि मोजणी मात्र राजकारणाच्या रीतीने करते.

येथून एक अनुमान निघते. ज्याचे वित्तीय शिक्षण सभासदांच्या संस्थेत झाले, त्याला राज्याच्या राजकारणाची भाषा अर्धी आधीच आलेली असते. ज्याचे ते केवळ भागधारकांच्या संस्थेत झाले, त्याला ती इतर कोठून तरी मिळवावी लागते. पुढील उदाहरणांवर हे अनुमान तपासता येईल.

४. उदाहरणे

(अ) या संदर्भात सर्वांत जुने आणि आपल्या प्रदेशाशी निगडित उदाहरण वैकुंठभाई मेहता (१८९१–१९६४) यांचे. मुंबई प्रांतिक सहकारी बँकेचा कारभार त्यांनी सुमारे तीन तपे सांभाळला. पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून प्रसिद्धी पावलेली हीच ती संस्था. १९४६ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात ते अर्थ व सहकार खात्यांचे मंत्री झाले आणि १९५२ पर्यंत त्या पदावर राहिले. बँकेच्या व्यवस्थापकाने थेट प्रांताचे अर्थमंत्रिपद स्वीकारण्याचा हा प्रकार त्या काळीही विरळाच होता.

त्यांच्या कारकिर्दीत मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदीचा कायदा केला आणि १९५० पासून संपूर्ण बंदी अमलात आणली. अबकारी उत्पन्न हे तेव्हाच्या प्रांतांच्या महसुलाचे एक मोठे साधन होते. पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर चालू आणि खात्रीचे उत्पन्न आपण होऊन सोडावयाचे, असा तो निर्णय होता. कोणत्याही संचालक मंडळाने तो मान्य केला नसता. दारूबंदी यशस्वी झाली की नाही हा प्रश्न वेगळा, आणि तिचे परिणाम वसईच्या किनाऱ्यावर ताडी काढून पोट भरणाऱ्या कुटुंबांनाही भोगावे लागले हेही विसरता येत नाही. येथे महत्त्वाचे एवढेच की, उत्पन्नाची बाजू सांभाळणाऱ्या मंत्र्याने उत्पन्नाचा हा त्याग 'तोटा' म्हणून न मोजता 'संकल्प' म्हणून स्वीकारला. पुढे खादी व ग्रामोद्योगांच्या अखिल भारतीय संघटनेचे नेतृत्व त्यांच्याकडे आले, आणि ताडाच्या नीरेपासून गूळ करण्याचा उद्योग तिच्या कार्यक्रमात होता. सोडलेल्या उत्पन्नाच्या दुसऱ्या टोकाला माणसे असतात, ही जाणीव त्या कार्यक्रमात दिसते.

(आ) त्यानंतरचे उदाहरण सुरेश प्रभू यांचे. व्यवसायाने ते सनदी लेखापाल. सारस्वत बँकेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, तसेच महाराष्ट्राच्या राज्य वित्त आयोगाचे अध्यक्षपदही. राज्याच्या महसुलाचा वाटा पंचायती व नगरपालिकांना कसा द्यावा, याची शिफारस करणे हे या आयोगाचे काम. १९९६ साली शिवसेनेतर्फे ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले आणि त्यापुढील तीन निवडणुकांतही विजयी झाले. त्यांचे क्षेत्र विधानसभेचे नव्हते. तथापि सहकारी बँक, राज्य वित्त आयोग आणि मग मतदारसंघ हा क्रम आपल्या अनुमानाशी जुळतो. १९१८ साली स्थापन झालेली सारस्वत बँक ही सभासदांची संस्था आहे, आणि राज्य वित्त आयोग म्हणजे तर ग्रामपंचायतीच्या गरजा राज्याच्या आकड्यांत बसविण्याची शाळाच.

(इ) याच्या उलट उदाहरण मीरा सन्याल यांचे. एका बहुराष्ट्रीय बँकेच्या भारतातील कारभाराच्या त्या प्रमुख होत्या. मुंबईवरील नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर, २००९ साली त्यांनी दक्षिण मुंबईतून लोकसभेची निवडणूक अपक्ष म्हणून लढविली. २०१४ साली आम आदमी पक्षातर्फे पुन्हा लढविली. दोन्ही वेळा त्या पराभूत झाल्या आणि २००९ साली त्यांची अनामत रक्कम जप्त झाली. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास अनामत जप्त होते, हा नियम सर्वपरिचित आहे. अरबी 'अमानत' म्हणजे विश्वासाने ठेवलेली वस्तू. बँकेत ठेव परत करणे हा विश्वासाचा कणा, आणि येथे मात्र लोकांचा विश्वास पुरेसा दिसला नाही म्हणून ठेवच जाते. सन्याल यांची सचोटी वा अभ्यास यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. विमुद्रीकरणावर त्यांनी ग्रंथही लिहिला. २०१९ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. विशेष असे की पहिल्या पराभवानंतर त्यांनी माघार घेतली नाही. २०१३ साली बँकेतील पद सोडून त्या पक्षकार्यात उतरल्या. मराठीतील 'उमेदवारी'चा जुना अर्थ त्यांनी उशिरा का होईना स्वीकारला होता, असे म्हणता येईल.

(ई) वित्तक्षेत्रातून थेट राज्याच्या राजकारणात येऊन अधिकारपदावर पोहोचण्याचे अलीकडचे ठळक उदाहरण महाराष्ट्राबाहेरील आहे. तमिळनाडूचे पळनिवेल त्यागराजन यांनी लेहमन ब्रदर्स आणि नंतर सिंगापूर येथे स्टँडर्ड चार्टर्ड बँक यांत वरिष्ठ पदांवर काम केले. २०१६ साली ते मदुराई मध्य मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले व मे २०२१ ते मे २०२३ या काळात राज्याचे अर्थमंत्री होते. हे शिक्षण केवळ भागधारकांच्या संस्थांतील. मग आपले अनुमान चुकले काय? उत्तर त्यांच्या घराण्यात सापडते. त्यांचे आजोबा पी. टी. राजन हे १९३६ साली मद्रास प्रांताचे प्रमुख मंत्री होते आणि वडील तमिळनाडू विधानसभेचे सभापती. मतदारांची भाषा त्यांना वारशाने मिळालेली होती. बँकेत ती शिकण्याची गरज पडली नाही.

त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टी शब्दार्थाच्या अभ्यासकाने टिपून ठेवाव्यात. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी राज्याच्या वित्तस्थितीवर श्वेतपत्रिका काढली आणि सार्वजनिक कर्ज प्रत्येक कुटुंबामागे सुमारे २ लाख ६३ हजार रुपये पडते असे सांगितले. हे एक भाषांतरच होय : कोषागाराचा आकडा घरच्या आकड्यात आणला. समजण्यास ते सुलभ आहे, पण त्यात एक उणीवही आहे. घरच्या कर्जाप्रमाणे हे कर्ज कोणा एका पिढीने फेडून संपवावयाचे नसते, आणि त्यातून बांधलेला रस्ता वा दवाखाना त्या आकड्यात दिसत नाही. दुसरी गोष्ट वस्तू व सेवा कर परिषदेतील. या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक-तृतीयांश व सर्व राज्यांचे मिळून दोन-तृतीयांश असते, आणि राज्य लहान असो वा मोठे, प्रत्येकाचे वजन सारखेच. मे २०२१ च्या बैठकीत त्यागराजन यांनी या रचनेवर आक्षेप घेतला. लोकसंख्या वा उत्पादन यांची दखल न घेता गोवा आणि तमिळनाडू यांना समान मत का, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. यावर गोव्यातून तीव्र प्रतिक्रिया उमटली. लोकसंख्येच्या आधारे वजन मागणे हा मतदाराचा युक्तिवाद आहे. उत्पादनाच्या आधारे ते मागणे हा भागधारकाचा. एकाच वाक्यात दोन्ही आले आणि ऐकणाऱ्यांनी दुसराच तेवढा ऐकला, असे मला वाटते.

(उ) मराठी कुटुंबांपैकी परदेशातील एक उदाहरण ओझरते नमूद करतो. बेळगाव परिसरात वाढलेले श्री ठाणेदार हे अमेरिकेत रसायनविश्लेषणाच्या उद्योगात उद्योजक म्हणून पुढे आले. वित्त हे त्यांचे क्षेत्र नव्हे. २०१८ साली मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून लक्षावधी डॉलर खर्च केले आणि तिघांत तिसरे आले. २०२० साली डेट्रॉइटमधील एका लहान मतदारसंघातून ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आले, आणि २०२२ साली अमेरिकेच्या संसदेवर. भांडवलाने जे साधले नाही ते लहान क्षेत्रात केलेल्या उमेदवारीने साधले.

५. वसई-विरारच्या संदर्भात

हा विचार आपल्या परिसरास लावून पाहणे आवश्यक आहे, कारण वसई-विरारमधून रोज लोकलने मुंबईकडे जाणाऱ्यांत बँका, विमा कंपन्या आणि दलालपेढ्या यांत काम करणारे पुष्कळ आहेत. विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी १८६७ सालीच सुटली होती. वित्तक्षेत्राची भाषा या परिसरास नवी नाही. ती रोज संध्याकाळी घरी येते. त्यातील एखाद्याने उद्या विधानसभेस उभे राहावयाचे ठरविले, तर त्याच्यापुढे कोणती भाषिक परिस्थिती असेल?

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा व विरार या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांवर होती. १ ऑगस्ट २०१४ पासून हा परिसर पालघर जिल्ह्यात आहे. पश्चिमेच्या वाड्यांतून सामवेदी किंवा कादोडी आणि वाडवळी बोलली जाते, किनाऱ्यावर कोळ्यांची बोली, पूर्वेच्या डोंगराळ पट्ट्यात वारली. नालासोपाऱ्याच्या चाळींतून व इमारतींतून मराठीबरोबर हिंदी, गुजराती व भोजपुरी. या सर्वांना एकच मत आहे, पण एकच भाषा नाही.

जमिनीचे उदाहरण घ्या. वित्तीय अहवालात जमीन ही 'मत्ता' असते आणि तिचे मूल्य तिच्यावर काय बांधता येईल यावरून ठरते. वसईच्या शेतकऱ्याच्या तोंडी ती 'वाडी' असते : विहीर, केळी, फुले, पानवेली आणि घर यांसह. १९९० साली सिडकोकडे या भागाच्या नियोजनाचे अधिकार आले. त्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली. 'विकास' या एकाच शब्दाचे दोन अर्थ तेव्हा समोरासमोर उभे होते. २००९ साली गावे महानगरपालिकेत घालण्यात आली, तेव्हा तेच पुन्हा घडले. मोठ्या संस्थेची पत मोठी, तिला पाणीयोजना व रस्ते यांसाठी पैसा उभारणे सोपे, हा युक्तिवाद वित्ताच्या दृष्टीने बिनचूक होता. गावकरी म्हणत होते की ग्रामसभा जाईल, घरपट्टी वाढेल आणि वाड्या राहणार नाहीत. त्याच वर्षी या आंदोलनाचे नेते विवेक पंडित वसईतून अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आले. २९ गावे वगळण्याचा वाद पुढे शासन आणि न्यायालय यांच्यापुढे दीर्घकाळ चालला. ज्याला एक पक्ष 'महसूलवृद्धी' म्हणत होता, त्यालाच दुसरा 'घरपट्टी' म्हणत होता. रक्कम तीच होती. पहिल्या शब्दात ती घेणारा बोलतो आणि दुसऱ्यात ती भरणारा.

संख्येचेही तसेच. २०२४ च्या निवडणुकीत वसई विधानसभेचा निकाल सुमारे ३ हजार मतांनी लागला आणि अनेक वर्षे या भागावर वर्चस्व असलेल्या बहुजन विकास आघाडीने वसईबरोबर नालासोपारा व बोईसर या जागाही गमावल्या. मोठ्या कंपनीच्या वार्षिक सभेत तीन हजार किरकोळ भागधारक एकत्र आले तरी ठरावाचे पारडे सहसा हलत नाही. येथे तेवढ्यांनी सरकारात आपले प्रतिनिधित्व कोणी करावे हे ठरविले.

वसईला मधला प्रकारही ठाऊक आहे. १९१८ साली, म्हणजे सारस्वत बँकेच्याच वर्षी, येथे बॅसिन कॅथॉलिक सहकारी संस्था स्थापन झाली. तीच आजची बॅसिन कॅथॉलिक बँक. शेतकऱ्याला व लहान नोकरदाराला सावकाराऐवजी आपल्याच संस्थेकडे जाता यावे, हा अशा संस्थांचा उद्देश. त्यांच्या वार्षिक सभेत ताळेबंद वाचला जातो आणि शेजारी उठून प्रश्न विचारतो. उत्तर त्याला समजेल अशा भाषेत द्यावे लागते. या सवयीचे राजकीय मूल्य मोठे आहे. परंतु तिची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. सारस्वत काय किंवा बॅसिन कॅथॉलिक काय, या संस्थांची नावेच त्यांच्या मूळच्या सभासदत्वाची कुंपणे सांगतात. सभासद आपल्या ओळखीचा असतो. मतदार बहुधा अनोळखी असतो, आणि तो ठेवीदार तर नाहीच, कदाचित खातेदारही नसतो. सहकाराची शाळा अर्धीच वाट चालवते. उरलेली वाट पायीच चालावी लागते.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अर्थव्यवहाराचे ज्ञान राज्याच्या कारभारात निरुपयोगी नाही; तूट आणि कर्ज यांचे ओझे ओळखणारी माणसे विधानसभेत हवीतच. दुसरी, हे ज्ञान ज्या शब्दांत साठवलेले असते ते शब्द राजकारणात जसेच्या तसे चालत नाहीत, कारण त्यांचा श्रोता भागधारक नसून मतदार असतो. तिसरी, हे भाषांतर ज्यांना साधले त्यांनी ते सहकारी संस्थेत, घराण्यात अथवा लहान मतदारसंघात आधी शिकून घेतलेले दिसते. येथे घेतलेली उदाहरणे थोडी आहेत आणि यशापयशाची इतर कारणे, विशेषतः पक्षसंघटना, त्यांत मोठी आहेत. म्हणून हा नियम न मानता पुढील अभ्यासासाठी एक सूत्र मानावे.

आपल्या विद्यार्थ्यांना या विषयात करण्याजोगे काम बरेच आहे. कंपनीच्या अध्यक्षांचे वार्षिक निवेदन, सहकारी बँकेचा मराठी अहवाल आणि राज्याच्या अर्थमंत्र्यांचे भाषण हे तीन प्रकारचे लेख शेजारी ठेवून त्यांतील 'आम्ही' या सर्वनामाचा अर्थ तपासावा. कोणत्या लेखात त्यात ऐकणारा सामावला जातो आणि कोणत्या लेखात वगळला जातो, हे मोजता येण्याजोगे आहे. वसई-विरारमधील प्रभागसभांत पाणीपट्टी व घरपट्टीविषयी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांना मिळणारी उत्तरे यांची बोलीवार नोंद केल्यास तीही मोलाची ठरेल. उद्या वित्तक्षेत्रातला एखादा अनुभवी माणूस आपल्या दारी मत मागावयास आला, तर त्याच्या पूर्वीच्या पदाची चौकशी करण्यापूर्वी तो 'घरपट्टी' म्हणतो की 'महसूल', हे ऐकून घ्यावे. आणि तो दोन्ही म्हणत असेल, तर त्या दोहोंतला फरक त्याला आपल्याला समजावून सांगता येतो की नाही, हे विचारावे.